ॲक्सेसिबिलिटीच्या मीटअपला एकदा तरी जाऊन बसा

२०२३ चा मे महिना, शनिवार दुपार, पुण्यात ऊन असं की रिक्षावाले पण यायला तयार नव्हते, आणि मी एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये शेवटच्या रांगेत बसले होते. ॲक्सेसिबिलिटीचा मीटअप होता, म्हणजे वेबसाईट आणि ॲप अपंग लोकांनाही वापरता यावीत म्हणून काम करणारे जमले होते. पन्नासेक माणसं असतील. ओळखीचं एकही नाही. रजिस्ट्रेशन केलं तेव्हा मनात एवढंच होतं की ऑफिसमध्ये एक काम आलंय, त्याबद्दल जरा ऐकून येऊ.

काम असं होतं की मी टेस्टिंग करते, आणि आमच्या बाहेरच्या क्लायंटने सांगितलेलं की साईट 'विकॅग'च्या एए लेव्हलला बसली पाहिजे. विकॅग म्हणजे वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने काढलेले नियम. मी ब्राउझरमध्ये एक फुकटचं टूल टाकलं, त्याने दाखवलेल्या चुका डेव्हलपरकडून दुरुस्त करून घेतल्या, सगळं हिरवं झालं, मी रिपोर्टमध्ये 'पास' लिहिलं आणि पाठवून दिलं. मनापासून वाटलं होतं की झालं काम.

तर त्या मीटअपला चहाच्या वेळी माझ्या शेजारी एक काका बसले होते. बँकेतून रिटायर झालेले, विशीतच दृष्टी गेलेली. समोर लॅपटॉप, एका कानात इअरफोन. दुसरा कान माणसांसाठी मोकळा ठेवावा लागतो, असं ते म्हणाले. त्यांनी विचारलं काय काम करतेस, मी सांगितलं, ते म्हणाले, "कुठली साईट? उघड की, बघू या." मी पत्ता सांगितला, त्यांनी टाइप केला आणि दुसरा इअरफोन माझ्या हातात दिला. मला एक शब्द कळला नाही, इतका वेग होता स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवाजाचा. मग त्यांनी माझ्यासाठी वेग कमी केला, आणि मला ऐकू आलं, बटण. बटण. बटण. लिंक. ग्राफिक. बटण.

"अगं, हे नुसतं बटण बटण म्हणतंय, कसलं बटण ते कोण सांगणार?"

ती सगळी आयकॉनची बटणं होती, कार्टचं, सर्चचं, प्रोफाइलचं. डोळ्यांना चित्र दिसतं, पण स्क्रीन रीडरला आत लेबल लागतं, ते कुणी लिहिलंच नव्हतं. माझं टूल मी फक्त लॉगिनच्या पानावर चालवलेलं, आत गेलेच नव्हते. नंतर त्यांनी एक फॉर्म भरला. व्यवस्थित, टॅब दाबत दाबत, माझ्यापेक्षा पटकन. सबमिट दाबलं. शांतता. परत दाबलं, शांतता. तिसऱ्यांदा दाबलं आणि मान माझ्याकडे वळवून विचारलं, "झालं का गं सबमिट?"

स्क्रीनवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं की पिनकोड चुकलाय. मला दिसत होतं. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही झालं काका." आणि त्या चहाची चव मला आठवत नाही, कारण मी त्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने 'पास' लिहिलं होतं.

ही पोस्ट लिहायचं कारण असं की गेल्या काही महिन्यांत तीनचार जणींनी मला विचारलं की ॲक्सेसिबिलिटी शिकायची आहे, कोर्स कुठला करू. कोर्स चांगले आहेत, पण माझं उत्तर दर वेळी एकच असतं, आधी मीटअपला ये. त्या दुपारी मला जे दहा मिनिटांत कळलं ते कुठल्याच व्हिडिओने मला सांगितलं नसतं, कारण व्हिडिओतला माणूस माझी साईट उघडून मला "झालं का गं" असं विचारत नाही.

तो मीटअप मे महिन्यात का होता तेही सांगते, कारण गोष्ट मला फार आवडते. मे महिन्याचा तिसरा गुरुवार हा ग्लोबल ॲक्सेसिबिलिटी अवेअरनेस डे, सगळे 'गॅड' म्हणतात. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जो डेव्हन नावाच्या लॉस एंजेलिसच्या एका वेब डेव्हलपरने एक ब्लॉगपोस्ट लिहिली की आपल्या डेव्हलपर लोकांना ह्यातलं फार कमी माहिती असतं, वर्षातला एक दिवस तरी ह्यासाठी ठेवू या. ती पोस्ट टोरोंटोच्या जेनिसन असन्सियन यांच्या नजरेला पडली, ते स्वतः अंध आणि ॲक्सेसिबिलिटीतच काम करणारे, त्यांनी लगेच संपर्क केला आणि ९ मे २०१२ ला पहिला गॅड झाला. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं, एक पोस्ट. आज त्या आठवड्यात जगभर कार्यक्रम होतात, आपल्याकडेही होतात, कंपन्यांच्या आत होतात, कॉलेजांत होतात. तुम्हाला पहिल्यांदा जायचं असेल तर हाच आठवडा बघा, कारण नवीन लोक येणार हे गृहीत धरूनच तेव्हाचे विषय ठेवलेले असतात. आणि शोधताना 'ए११वाय' असं लिहून शोधा. ॲक्सेसिबिलिटीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ए आणि शेवटच्या वायच्या मध्ये अकरा अक्षरं आहेत म्हणून हे नाव, बरेच ग्रुप ह्याच नावाने असतात, मला हे माहीतच नव्हतं त्यामुळे वर्षभर मला काही सापडायचंच नाही.

पहिल्या मीटअपनंतर मी चार महिने गेले नाही. खरं सांगते, भीती वाटत होती. एक तर तिथले लोक नियमांचे नंबर पाठ असल्यासारखे बोलायचे, एक-चार-तीन म्हणजे कॉन्ट्रास्ट, दोन-चार-सात म्हणजे फोकस दिसला पाहिजे, आणि दुसरं म्हणजे मला मनातून वाटायचं की मला स्वतःला अपंगत्व नाही, घरात कुणाला नाही, तर मी तिथे बसून बोलणारी कोण. हे मी पुढे काकांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "साईट तू बनवतेस ना? मग तू नाही आलीस तर आम्ही आमचं आमच्यातच रडत बसायचं का?" एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मी मात्र तेव्हापासून एकही मीटअप चुकवलेला नाही, एक सोडून, तेव्हा मला डेंग्यू झाला होता.

आत शिरायचा रस्ता मला सापडला तो कामातून. दुसऱ्या मीटअपला आयोजकांनी विचारलं, कुणी रजिस्ट्रेशनचा फॉर्म बघेल का, मी हात वर केला. वाटलं, फॉर्म तर आहे. पण त्या एका फॉर्मने मला काय काय शिकवलं! त्यात एक प्रश्न असतोच, तुम्हाला कार्यक्रमात कुठली सोय लागेल. त्याची उत्तरं वाचली की कार्यक्रम म्हणजे काय असतो हेच नव्याने कळायला लागतं. कुणाला साइन लँग्वेज इंटरप्रिटर लागतो, आणि तो एक बोलावून चालत नाही, दोन लागतात, कारण वीसेक मिनिटं सलग केल्यावर हात आणि डोकं दोन्ही थकतात, आलटून पालटून करावं लागतं. कुणाला स्लाइड्स आधी मेलवर हव्या असतात म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडरने सोबत सोबत वाचता येतात. कुणी लिहितं, मला गोंगाट सहन होत नाही, बाजूला एखादी शांत खोली असेल का. कुणी विचारतं, व्हीलचेअर जाईल असं टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, की लिफ्टने खाली जावं लागेल. एकीने लिहिलं होतं, बसस्टॉपपासून गेटपर्यंत कुणी घ्यायला येईल का. मी गेले. तिनेच मला शिकवलं की हात धरून ओढायचं नसतं, आपलं कोपर पुढे करायचं, ती धरते आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. आणि काठीला तर हात लावायचाच नाही.

माईकचं पण सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी उठून म्हणतंच, माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको. इथे असं म्हटलं की चारपाच जण एकदम म्हणतात, माईक घ्या. कारण ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यापर्यंत, ऑनलाइन ऐकणाऱ्यापर्यंत, कॅप्शन टाइप करणाऱ्यापर्यंत आवाज माईकमधूनच जातो. बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं. स्लाइडवर चित्र असेल तर त्यात काय आहे ते तोंडाने सांगायचं, "हा आलेख बघा, इथे दिसतंय तसं" असं म्हणून पुढे जायचं नाही. ह्या सवयी इतक्या अंगात भिनल्यात की आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण मी स्क्रीन शेअर केली की आपोआप सांगत जाते, आणि गंमत म्हणजे फोनवरून गाडीत बसून जॉइन होणारे लोक म्हणतात, तुझं प्रेझेंटेशन बरं कळतं.

तिसऱ्या का चौथ्या मीटअपला एक बहिरी डिझायनर मुलगी भेटली, माझ्याच वयाची. तिच्याबरोबर इंटरप्रिटर होत्या आणि मी बोलताना सगळा वेळ त्या इंटरप्रिटर ताईंकडे बघून बोलत होते, "तिला विचारा ना ती कुठलं टूल वापरते." त्या ताईंनी ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं आणि त्या मुलीने मला खुणेने सांगितलं, माझ्याकडे बघ. मला एकदम कळलं. मी तिच्याकडे बघून परत विचारलं. मग आम्ही फोनवर टाइप करून अर्धा तास गप्पा मारल्या. आज ती माझी जवळची मैत्रीण आहे. तिच्याकडून मला कळलं की आपोआप येणाऱ्या मराठी कॅप्शनवर ती अजिबात भरवसा ठेवत नाही, त्यात नावं आणि आकडे हमखास चुकतात, आणि माणूस नेमका नावं आणि आकड्यांसाठीच तर ऐकत असतो.

आता जे पुण्यामुंबईत नाहीत त्यांच्यासाठी. ऑनलाइन कार्यक्रम भरपूर आहेत आणि चांगले आहेत. 'ॲक्स-कॉन' नावाची परिषद डीक्यू ही कंपनी २०२१ पासून घेते, पूर्ण ऑनलाइन, फुकट, फक्त नाव नोंदवायचं. अमेरिकेच्या वेळेने असते त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन रात्र होते, मी पहिल्या वर्षी हट्टाने जागून सगळं बघायला गेले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये काय बोलले मला आठवत नाही. आता मी आधी वेळापत्रक बघते, दोन किंवा तीन सेशन निवडते, तेवढीच लाइव्ह बघते, बाकी रेकॉर्डिंग. 'इन्क्लुझिव्ह डिझाइन २४' म्हणून आहे, त्यात नावाप्रमाणे २४ तास सलग भाषणं चालतात, जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तीही फुकट, आणि जुनी सगळी यूट्यूबवर पडलेली आहेत. एक मात्र करा, एकट्याने बघू नका. आम्ही पाच जणी एक व्हॉट्सॲप ग्रुप करून बघतो, कुणाला काही कळलं नाही की तिथे विचारतो. ग्रुपमध्ये फोटो टाकला की खाली फोटोत काय आहे ते लिहायचं असा नियम आहे, कारण आमच्यातली एक स्क्रीन रीडर वापरते.

मोठ्या परिषदांबद्दल पण लोक विचारतात. खूप जुनी आणि मोठी म्हणजे सीसन, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी नॉर्थरिजची, १९८५ पासून चालू आहे, हल्ली ॲनाहाइमला भरते. तिकीट, व्हिसा, हॉटेल धरलं तर कंपनीने पाठवलं तरच जमणारं काम आहे, मी गेलेली नाही. आपल्याकडे मुंबईच्या बॅरिअरब्रेक ह्या कंपनीने टेकशेअर इंडिया ही परिषद सुरू केली, ह्या क्षेत्रात भारतातल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या पहिल्या कार्यक्रमांपैकी ती. 'एम्पॉवर' म्हणूनही परिषद होते, तिथे उपकरणं बनवणारे, संशोधन करणारे जास्त भेटतात. आणि सर्टिफिकेट हवं असेल तर आयएएपी ह्या ॲक्सेसिबिलिटीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीपीएसीसी आहे, परीक्षा देऊन मिळतं, त्यासाठी कोडिंग यायची गरज नाही. मी दिलं, पास झाले, आनंद झाला, नोकरीत उपयोगही झाला. पण माझ्या मते परीक्षा मीटअपच्या आधी देऊ नये, कारण अपंगत्वाच्या व्याख्या पुस्तकातून पाठ केलेल्या माणसाला काकांच्या शेजारी बसल्यावर परत पहिल्यापासून शिकावं लागतं.

मागच्या वर्षभरात आमच्याकडे गर्दी वाढली, त्याचं कारण कोर्ट. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ई-केवायसी सगळ्यांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. दोन याचिका होत्या. एक ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची, प्रज्ञा प्रसून आणि इतरांची, कारण केवायसी करताना ॲप सांगतं डोळे मिचकावा, आणि ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात गेल्या त्यांनी काय मिचकवायचं? दुसरी अमर जैन यांची, ते स्वतः अंध आणि वकील. ह्या निकालावर आमच्याकडे एक पूर्ण शनिवार गेला. कायदा तर २०१६ पासून आहेच, अपंग व्यक्ती हक्क कायदा, पण निकालानंतर बँकांचे, फिनटेकवाल्यांचे लोक पहिल्यांदा यायला लागले. काही जुन्या मंडळींना ते आवडत नाही, म्हणतात हे भीतीने आलेत. मला वाटतं, येऊ देत. मी पण तर क्लायंटने सांगितलेल्या कामामुळेच आले होते.

एका गोष्टीवर मात्र मी आता भांडते. कंपन्यांचे लोक येतात, एखाद्या अंध टेस्टरला गाठतात आणि म्हणतात, आमचं ॲप जरा बघून द्याल का, दहा मिनिटं. फुकट. मग दुसरा येतो, तिसरा येतो. तो माणूस आधीच रोज दिवसभर बिनलेबलच्या बटणांशी झगडतोय आणि रविवारी तुमच्यासाठी परत तेच करायचं, तेही बिनपैशाचं? आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, कॉम्प्युटर सायन्सचा, स्क्रीन रीडर वापरून कोड लिहितो, त्याच्याकडून एका कंपनीने तीन वेळा असं करून घेतलं आणि नोकरीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले जागा नाही. मला त्या दिवशी फार राग आला. आता आम्ही कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगतो, टेस्टिंग हवं असेल तर दर काय ते आधी ठरवा. काकांनी मला दहा मिनिटं दिली होती ती त्यांच्या मनाने दिली होती, मी मागितली नव्हती. तो फरक राहिला पाहिजे.

आणि मराठी. हा विषय मला सगळ्यात जवळचा, कारण इंग्रजी परिषदांमध्ये हे कुणी बोलणार नाही, आपल्यालाच बोलावं लागेल. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर मराठी वाचतो, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, कानाला जरा यंत्रासारखा वाटतो पण सवय झाली की चालतो. अडचण आपल्या पानांची आहे. मराठी मजकूर असतो पण पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते, मग इंग्रजी आवाज देवनागरीवर येऊन अडखळतो, काही आवाज तर तो मजकूर सरळ गाळून टाकतात. एक छोटी ओळ बदलायची असते, लँगमध्ये एन आहे तिथे एमआर लिहायचं. त्याहून वाईट म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ. आपल्याला पडद्यावर छान मराठी दिसतं आणि आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. काकांनी मला अशी एक फाइल ऐकवली होती, त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगची नोटीस. आम्ही दोघं पाच मिनिटं ऐकत होतो. आणि स्कॅन करून टाकलेली पीडीएफ असेल तर तेही नाही, कोरा कागद.

म्हणून ह्या वर्षीपासून आम्ही महिन्यातला एक शनिवार मराठीत घेतोय. पहिल्या वेळी मी बोलायला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले, फोकसला काय म्हणायचं? मागून एक शाळेतले सर म्हणाले, "फोकसच म्हणा, पण म्हणजे काय ते सांगा." मी म्हटलं, कीबोर्ड आत्ता कुठे उभा आहे ते. सगळ्यांना कळलं. अकरा जण आले होते, त्यातल्या चौघांना दिसत नव्हतं, एक जण व्हीलचेअरवर, आणि एक आजी आलेल्या, त्यांना फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची एवढंच शिकायचं होतं. त्या पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन आल्या.

सध्या आमची जागेची शोधाशोध चालली आहे, आधीचं ऑफिस शनिवारी बंद ठेवायला लागलेत. चौथ्या मजल्यावरचा एक हॉल मिळत होता, मी जाऊन बघून आले, लिफ्ट मजला बोलून सांगत नाही आणि दार व्हीलचेअरला अरुंद आहे, त्यामुळे तो नको म्हटलं. आता एका शाळेतली तळमजल्यावरची खोली ठरत आलीय. उजेड चांगला आहे, म्हणजे इंटरप्रिटरचे हात नीट दिसतील, टॉयलेट शेजारीच आहे. फक्त दाराला चार इंचाचा उंबरठा आहे. सुताराने एक फूटभर लांबीची फळी तिरकी टाकून देतो म्हणून सांगितलं, मी म्हटलं नाही दादा, एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते, चार इंचाला चार फूट. तो म्हणाला एवढी लांब कशाला. मग मी त्याला ग्रुपमधल्या व्हीलचेअरवाल्या दादांचा नंबर दिला आणि दोघांनी आपसात बोलून माप ठरवलं, शुक्रवारी फळी येतेय.